ठिय्या

सूर्यावरचा तो डाग सलग सहाव्यांदा त्याच जागी उगवला, त्या सकाळी वैजयंती ठोंबरेने गॅसवर चहा ठेवला होता. भांडं करपल्याचा वास आल्यावरच तिला त्याची आठवण झाली.

सूर्यावर डाग येण्यात नवं काही नाही. सूर्य स्वतःभोवती फिरतो. पृथ्वीवरून पाहिलं तर त्याची एक फेरी साधारण सत्तावीस दिवसांची. डाग पूर्वेच्या कडेवर उगवतो, तेरा-चौदा दिवसांत तबकडी ओलांडतो आणि पश्चिमेच्या कडेमागे जातो. पुढच्या फेरीपर्यंत बहुतेक डाग विरून गेलेले असतात. हा विरला नव्हता. पाच महिने तो हलला नव्हता आणि दर फेरीला थोडा वाढत होता.

खरं तर वैजयंतीचं काम सूर्याचं नव्हतं. ती पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत ताऱ्यांचा अभ्यास करायची. तारा इतका लांब असतो की मोठ्यात मोठ्या दुर्बिणीतूनही तो ठिपकाच दिसतो, त्याच्या अंगावरचे डाग दिसत नाहीत. पण डागाची बाजू आपल्याकडे वळली की ताऱ्याचा प्रकाश हजारातला एखादा भाग कमी होतो आणि ती बाजू फिरून गेली की पुन्हा वाढतो. हे चढउतार वर्षानुवर्षं मोजत राहिलं तर डाग कुठे आहे, केवढा आहे, टिकतो की विरतो, सगळं कळतं. वैजयंतीने सूर्यासारख्या दोन लाख ताऱ्यांच्या नोंदी अशा तपासल्या होत्या. त्यातल्या तेवीस ताऱ्यांवर तिला असे डाग सापडले, जे एकाच जागी सहा-सात फेऱ्या बसून राहिले. मोर्चेकरी कचेरीसमोर बसतात तसे. तिने त्याला नाव दिलं ‘ठिय्या’. परदेशी शोधपत्रिकांनीही तोच शब्द उचलला.

त्या तेवीसही ताऱ्यांवर सातव्या फेरीच्या आसपास प्रचंड स्फोट झाला होता. सूर्यावर माणसाने पाहिलेल्या कुठल्याही स्फोटाच्या शेकडो पट मोठा.

काळं पडलेलं भांडं तिने मोरीत टाकलं आणि दिल्लीला फोन लावला.

दोन दिवसांत समिती बसली. अध्यक्ष होत्या डॉ. भरुचा, सत्तरीकडे झुकलेल्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी सगळ्यांसमोर एक कागद ठेवला. सरकार सांगेपर्यंत यातलं एक अक्षर बाहेर जाणार नाही, अशी हमी होती त्यात.

“लोकांना आत्ता सांगितलं तर डिझेल, धान्य, औषधं दोन दिवसांत संपतील,” भरुचा म्हणाल्या. “स्फोट दिसल्यावर आपल्याला पंधरा तास मिळतात. तेवढ्यात वीज बंद करता येते.”

वैजयंतीला ते पटलं. तिने सही केली.

पंधरा तासांचं गणित असं होतं. स्फोटाचा उजेड आठ मिनिटांत पृथ्वीवर येतो, पण त्याच्यासोबत फेकला गेलेला तापलेल्या वायूचा लोट मागून येतो. तो आदळला की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हेलकावे खातं आणि शेकडो किलोमीटर लांबीच्या वीजवाहिन्यांमध्ये नको असलेला प्रवाह शिरतो. तो उपकेंद्रातल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जातो आणि आतलं तेल उकळून ट्रान्सफॉर्मर जळतो. असा ट्रान्सफॉर्मर दुकानात मिळत नाही. मागणी दिल्यावर बनवायला दीड वर्ष लागतं, आणि जगभरचे एकदम जळले तर ते बनवणारे कारखानेच बंद पडतात. नेहमीच्या सौरवादळांची झळ भारतापर्यंत फारशी येत नाही. हे नेहमीचं वादळ नसणार होतं. उपाय एकच होता. लोट येण्याआधी सगळे ट्रान्सफॉर्मर वाहिन्यांपासून तोडायचे आणि तो निघून जाईपर्यंत अंधारात बसायचं.

त्याच आठवड्यात तिच्या दादाचा फोन आला. जालिंदरदादा कराडजवळच्या एका मोठ्या उपकेंद्रात शिफ्ट इंजिनिअर होता. वडील लवकर गेले, तेव्हा वैजयंतीच्या शिक्षणासाठी डिप्लोमावर थांबून नोकरीला लागलेला.

“आईच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं गं. पंधरा फेब्रुवारी, सांगलीला. तू येशील न्हवं?”

वैजयंतीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. सातवी फेरी बरोबर त्याच आठवड्यात येत होती.

“दादा, थोडं पुढं ढकलता नाही का येणार? महिनाभर?”

“का?”

“असंच. थंडी आहे अजून.”

“थंडीचं काय घेऊन बसलीस? डॉक्टर म्हणाले, आधीच उशीर झालाय.” तो हसला. “तुला सुट्टी मिळत नसेल तर तसं सांग की.”

“तसं नाही,” ती म्हणाली.

ऑपरेशन नीट झालं. आईला अजून व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं. सतरा फेब्रुवारीला भर दुपारी सूर्याच्या मध्यावर, ठिय्याच्या जागी, एक पांढरी ठिणगी दिसली. काळ्या काचेतून नुसत्या डोळ्यांनीही दिसण्याइतकी.

संध्याकाळी सहाला घोषणा झाली. पहाटे चारपर्यंत सगळ्या देशाची वीज बंद करण्यात आली. जालिंदरने आपल्या उपकेंद्रातले तिन्ही ट्रान्सफॉर्मर स्वतः उभं राहून तोडले.

बासष्ट तास वीज बंद होती.

आणि लोट पृथ्वीवरून तसाच निघून गेला. अशा लोटाला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असतं. त्याची दिशा दक्षिणेकडे असेल तर तो पृथ्वीच्या क्षेत्राला फोडून आत शिरतो. उत्तरेकडे असेल तर पत्र्यावरून पाणी जावं तसा निसटून जातो. ही दिशा आधी सांगता येत नाही. वाटेवर ठेवलेल्या यानापाशी लोट पोचल्यावरच ती कळते, म्हणजे अवघी दहा मिनिटं आधी. या लोटाची दिशा उत्तरेची निघाली. ज्या देशांनी वीज बंद केलीच नव्हती, तिथे एक दिवासुद्धा लुकलुकला नाही.

सांगलीच्या त्या रुग्णालयातला जनरेटर चौदा तास चालला. मग डिझेल संपलं. पेट्रोलपंपांनाही वीज नव्हती. सारिकावहिनी आणि एक नर्स आळीपाळीने रबरी फुगा दाबून आईला श्वास देत राहिल्या. रात्र गेली, दिवस गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला आई गेली.

देशभर तीनशे अकरा माणसं अशी गेली. चौकशी बसली, कागद बाहेर आले आणि वर्तमानपत्रांत वैजयंतीचा फोटो छापून आला. कुणी खोटी भीती घातली की पोरं ‘ठिय्या मारला’ म्हणू लागली.

आईच्या दहाव्याला कृष्णेच्या घाटावर जालिंदर तिच्याजवळ आला. त्याच्या हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र होतं.

“यात लिहिलंय, तुम्हाला पाच आठवडे आधी माहीत होतं.”

“हो.”

“म्हणून पुढं ढकल म्हणालीस?”

“हो, दादा.”

“थंडी आहे म्हणालीस.” त्याचा आवाज चढला नाही. “खरं एक वाक्य बोलली असतीस, तर मी कारण विचारलं नसतं गं.”

तो पायऱ्या चढून निघून गेला. वहिनी तिच्याकडे न बघता मागोमाग गेली. तेराव्याला ये, असं कुणी म्हटलं नाही.

पुण्याला परतल्यावर वैजयंती पुन्हा ताऱ्यांकडे वळली. दुसरं काय करावं, तिला सुचत नव्हतं. आपण कुठे चुकलो ते शोधायचं म्हणून तिने तेवीस ताऱ्यांच्या मूळ नोंदी काढल्या, संगणकाने साफ करण्याआधीच्या. दुर्बिणीच्या नोंदींत कचरा फार असतो. वैश्विक किरण आदळतात, उपकरण अडखळतं. म्हणून एका प्रमाणाबाहेर तेजस्वी दिसणारा बिंदू संगणक दोष समजून आपोआप गाळून टाकतो.

गाळलेले बिंदू तिने एकेक करून परत जागेवर बसवले. पहिल्या स्फोटानंतर बरोबर एक फेरी पूर्ण झाली होती, त्या जागी एकोणीस ताऱ्यांवर दुसरा स्फोट होता. तो इतका मोठा होता की संगणकाला तो खरा वाटलाच नव्हता. उरलेल्या चार ताऱ्यांकडे त्या दिवसांत दुर्बीण वळलेलीच नव्हती.

सतरा फेब्रुवारीत सत्तावीस दिवस मिळवले की सोळा मार्च येत होता. आज सहा तारीख होती.

भरुचांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आलेखावरून बोट फिरवलं. मग चष्मा काढला.

“तुझं चुकलंय असं मला वाटत नाही.”

“मग?”

“मग काय, वैजयंती? तीनशे अकरा माणसं गेली. मी परत वीज बंद करण्याच्या आदेशावर सही मागायला गेले तर मला दारात उभं करणार नाहीत. तरी मी जाईन.”

त्या गेल्या. तीन दिवसांनी त्यांचा एका ओळीचा निरोप आला : नाही म्हणाले.

वैजयंतीने आता गुप्तता पाळली नाही. तिने लेख लिहिला, तो कुणी छापला नाही. तिने स्वतःचं बोलणं चित्रित करून टाकलं, खाली हजारो लोकांनी हसणारे चेहरे टाकले. एकाने आपल्या वडिलांचा हार घातलेला फोटो टाकला होता. तिने तो बराच वेळ पाहिला आणि फोन उपडा ठेवला.

चौदा तारखेला ती कराडला दादाच्या दारात उभी राहिली. वहिनीने दार उघडलं, तिला पाहिलं आणि न बोलता आत गेली. थोड्या वेळाने पाण्याचा तांब्या समोर ठेवला तोही न बोलताच. जालिंदर ड्यूटीवरून येऊन जेवायला बसला होता. वैजयंतीने जमिनीवर कागद पसरले आणि सगळं सांगितलं. तो भाकरी मोडता मोडता ऐकत होता.

“सरकार नाही म्हणालं,” तो शेवटी म्हणाला.

“हो.”

“मग माझ्याकडं कशाला आलीस?”

“तुझे तीन ट्रान्सफॉर्मर आहेत, दादा.”

“माझे?” त्याने ताट बाजूला सारलं. “आदेशाशिवाय तीन जिल्हे अंधारात घालू मी? नोकरी जाऊ दे, तुरुंगात घालतील. तेही जाऊ दे. परत दिशा उत्तरेची निघाली तर?”

“निघू शकते.”

“किती शक्यता?”

“निम्मी.”

आतून वहिनीचा आवाज आला. “त्यांना सांगा, मी दोन दिवस फुगा दाबलाय. माझ्या हातात अजून कळ येते.”

वैजयंतीने कागद गोळा केले. दादा फाटकापर्यंत सोडायला आला नाही, पण दारातून म्हणाला, “राहायचं असेल तर खोलीत जागा आहे.” ती राहिली नाही. कराडच्या स्टँडजवळ एका लॉजवर तिने दोन दिवस काढले.

सोळा तारखेला पहाटे अडीचला, इकडे सूर्य उगवायच्याही आधी, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूच्या वेधशाळांनी तो स्फोट पाहिला. पहिल्यापेक्षा चौपट मोठा. लोट दुपारी चारच्या सुमारास पोचणार होता. सकाळी आठला मंत्र्यांनी टीव्हीवर येऊन सांगितलं, घाबरण्याचं कारण नाही, गेल्या वेळची चूक पुन्हा केली जाणार नाही.

वैजयंती रिक्षाने उपकेंद्रापाशी गेली. फाटकावर तिला आत सोडलं नाही. समोरच्या चहाच्या टपरीवरून तिने दादाला फोन लावला. त्याने उचलला.

“दादा, स्फोट झाला. चार वाजता पोचेल. तुला माहीत असावं म्हणून सांगते.”

“बातम्या बघितल्या,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

ती टपरीच्या बाकावर बसून राहिली. ऊन चढलं. शाळेची मुलं सायकलींवरून गेली. उसाचे ट्रॅक्टर गेले. टपरीवाल्याने दोनदा विचारलं, “कुणाची वाट बघताय ताई?” तिने नुसती मान हलवली.

तीन वाजून बावन्न मिनिटांनी यानाचे आकडे तिच्या फोनवर उतरले. तिने ते दोनदा वाचले आणि दादाला फोन लावला.

“दक्षिणेची आहे. दादा, दक्षिणेची. दहा मिनिटंसुद्धा नाहीत.”

पलीकडे मशिनांची घरघर ऐकू येत होती.

“एक सकाळीच काढून ठेवलाय,” जालिंदर म्हणाला. “दुरुस्तीला म्हणून लिहिलं. दोन्हीकडनं तोडलाय.”

“आणि बाकीचे दोन?”

“बाकीच्या दोघांवर तीन जिल्हे चाललेत.” त्याचा श्वास जड येत होता. “सांगलीचं हॉस्पिटल त्यांच्यावर आहे, वैजू. तिथं आत्ता कुणाची तरी आई असेल.”

“दादा, ते दोन जळले तर...”

“माहीत आहे मला! जळताना काय होतं ते तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.”

ती फोन कानाला लावून उभी राहिली. एक मिनिट गेलं, दोन गेली. त्याचा हात कुठे असेल, ट्रान्सफॉर्मर तोडायच्या कळीवर की टेबलावर, ते तिला दिसत नव्हतं. फोन अचानक बंद पडला तेव्हा टपरीतला पंखाही थांबत होता.

आधी आवाज आला. भुंग्यासारखी घरघर वाढत वाढत जमिनीतून तळपायांना जाणवू लागली. मग भिंतीपलीकडून तेलाचा काळा धूर उठला आणि त्याच्या शेजारी दुसरा. माणसं ओरडत फाटकाकडे पळत आली. वैजयंतीने धुराचे खांब मोजले. दोनच होते.

त्या संध्याकाळी उत्तरेकडचं आभाळ तांबडं झालं. सूर्य मावळून दोन तास झाले तरी ते तसंच होतं, ओल्या जखमेसारखं, आणि हळूहळू हलत होतं. कराडच्या गच्च्यांवर माणसं उभी राहून बघत होती. कुणी फोटो काढत होतं. ते पाठवायला जागा नव्हती, हे त्यांना अजून कळलं नव्हतं.

वादळ एकोणतीस तास चाललं.

जालिंदर जळणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपासून लोकांना मागे ओढताना हातावर भाजला होता. तिसऱ्या दिवशी वैजयंती त्याच्या घरी गेली, तेव्हा वहिनी त्याच्या हाताला मलम लावत होती. वैजयंतीला पाहून तिने पट्टीचं एक टोक पुढे केलं.

“धरा हे,” ती म्हणाली. आई गेल्यापासून ती वैजयंतीशी थेट बोलली ती पहिल्यांदाच.

वैजयंतीने टोक धरलं.

“तिन्ही वाचले असते,” जालिंदर खिडकीकडे बघत म्हणाला. “माझा हात कळीवर होता. दोनदा नेला.”

“तू एक वाचवलास.”

“बाकीच्यांनी एकही वाचवला नाही म्हणून ते मोठं वाटतंय.”

ते खरंच होतं. हळूहळू बातम्या येऊ लागल्या, मोटरसायकलवरून, पोलिसांच्या वायरलेसवरून. पुण्याचे गेले, सोलापूरचे गेले, मुंबईभोवतालचे सगळे गेले. देशाबाहेरचं तर कुणाला काहीच कळत नव्हतं. जवळच्या धरणावरचे वीजनिर्मितीचे दोन संच दुरुस्तीसाठी बंद होते म्हणून वाचले होते. त्यांची वीज खाली आणू शकेल असा एकच मोठा ट्रान्सफॉर्मर या बाजूला शिल्लक होता. ही गोष्ट कशी कोण जाणे, सगळ्यांना कळली. पाचव्या दिवसापर्यंत उपकेंद्राच्या फाटकाबाहेर हजारो माणसं जमली. कुणी आजारी माणसाला हातगाडीवर घालून आणलं होतं. वीज फाटकाशीच मिळते अशी त्यांची समजूत असावी.

सहाव्या दिवशी सकाळी कलेक्टर स्वतः जीपने आल्या. त्यांच्याजवळ हाताने लिहिलेली यादी होती. आधी पाणी, मग रुग्णालयं, मग पिठाच्या गिरण्या. घरं यादीत नव्हती. जालिंदरने पट्टी बांधलेल्या हाताने कळ फिरवली. ट्रान्सफॉर्मर गुंजू लागला. काही क्षणांनी रस्त्यापलीकडच्या पाण्याच्या टाकीवरचा दिवा लागला, आणि फाटकाबाहेर एवढा गलका झाला की आतल्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. लोक टाळ्या वाजवत होते. एक म्हातारा रडत होता.

जालिंदर हसला नाही. तो वैजयंतीला बाजूला घेऊन गेला.

“तो डाग गेला का?”

“नाही. कालच कडेवर दिसला, मागे जाताना. होता तेवढाच आहे.”

“परत समोर कधी?”

“एकवीस दिवसांनी.”

“तिसऱ्या वेळी काय होतं, ताऱ्यांवर?”

“सांगता येत नाही, दादा. बऱ्याच नोंदी तिथेच थांबतात. ज्या पुढे जातात, त्यांत सहा ताऱ्यांवर तिसरा स्फोट झालाय.”

मग तो कलेक्टरांसमोर जाऊन उभा राहिला.

“मॅडम, बारा एप्रिलच्या आदल्या दिवशी हा मी बंद करणार आहे. दोन-तीन दिवस बंद राहील. आदेश आला तरी आणि नाही आला तरी.”

कलेक्टरांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग वैजयंतीकडे. त्यांनी तिला फोटोवरून ओळखलं होतं. नजर फाटकाकडे वळवून त्या हळू आवाजात म्हणाल्या, “ही माणसं तो बंद करू देतील तुम्हाला? आणि यांना हे सांगणार कोण? आत्ताच नको सांगायला. आठ दिवस जाऊ देत.”

“नाही,” वैजयंती म्हणाली. “आत्ताच.”

दादा तिच्याबरोबर निघाला. तिने त्याला हाताने थांबवलं आणि एकटीच फाटकापर्यंत चालत गेली. पहारेकऱ्याने तिला उभं राहायला एक लोखंडी पेटी दिली. ती वर चढली. समोर रस्ताभर, उसाच्या शेतांपर्यंत, चेहरेच चेहरे होते, आणि त्यांना वाटलं, ही बाई काहीतरी चांगलं सांगायला आली आहे. टाळ्या आणखी जोरात वाजू लागल्या. वैजयंतीने त्या थांबवल्या नाहीत. दोन्ही हातांनी फाटकाचे गज धरून ती त्या थांबायची वाट पाहत उभी राहिली.